ज्याला शिक्षा कळत नाही

मंगळवार, १४ एप्रिल २०१५. तुम्ही जाकार्तात आहात, इंडोनेशियाच्या परराष्ट्र मंत्रालयात. इथे कुणाला तुम्ही दिसत नाही, तुमचं बोलणं ऐकू येत नाही. फक्त बघायची मुभा आहे. मदिनेहून बातमी आली आहे: सिती झैनब या इंडोनेशियन मोलकरणीचा शिरच्छेद झाला. अधिकारी एकमेकांना विचारताहेत, आपल्याला कधी कळवलं? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. आधी कळवलंच नाही. ना जेद्दाच्या वकिलातीला, ना रियाधच्या दूतावासाला, ना घरच्यांना.

सिती झैनब मादुरा बेटावरची. पोटासाठी सौदी अरेबियात धुणी-भांडी करायला गेली. १९९९ मध्ये मालकाच्या बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तिला अटक झाली. पोलिसांच्या चौकशीत तिनं कबुली दिली म्हणतात, पण त्या वेळी तिच्याजवळ वकील नव्हता, आणि तिचं मानसिक संतुलन ठीक नसावं अशी शंका खुद्द पोलिसांनाच आली होती. मृत बाईचं सर्वांत लहान मूल सज्ञान होईपर्यंत शिक्षा थांबली होती. तिथल्या कायद्यात वारसांनी माफ केलं तर जीव वाचतो. २०१३ मध्ये त्या मुलानं माफी नाकारली. तोवर ही बाई तुरुंगात वाट पाहत होती, आणि तिच्यासाठी इंडोनेशियाच्या तीन राष्ट्राध्यक्षांनी सौदीच्या राजाला पत्रं लिहिली होती. शेवटचं पत्र याच वर्षीचं, जोको विडोडो यांचं.

परराष्ट्रमंत्री रेत्नो मार्सुदी निषेध नोंदवतात. सौदीच्या राजदूताला बोलावून घेतलं जातं. दोनच दिवसांनी यानबूहून दुसरी बातमी येते. कार्नी नावाच्या आणखी एका इंडोनेशियन मोलकरणीला मारलं. तिनं मालकाच्या लहान मुलाचा जीव घेतला होता, आणि तिच्याही मानसिक आजाराची चर्चा होती. पुन्हा निषेध, पुन्हा राजदूताला बोलावणं. हा संताप नाटकी नाही. चेहरे बघा. परक्या देशात, परक्या भाषेत, मनानं खचलेल्या आपल्या लेकीला सरकारी तलवारीनं मारलं आणि आपल्याला साधं कळवलंही नाही, याचं दुःख या माणसांना खरोखर झालेलं आहे. त्या वेळी दोनशेहून अधिक इंडोनेशियन नागरिक परदेशांत मृत्युदंडाच्या छायेत होते. वर्षभरापूर्वीच सतिना नावाच्या मोलकरणीला वाचवायला ७० लाख रियाल मोजले होते, काही सरकारच्या तिजोरीतून आणि काही सामान्य लोकांच्या वर्गणीतून.

हे चेहरे नीट लक्षात ठेवा. आता याच शहरातल्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात चला. तिथे दुसरी एक यादी तयार होते आहे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत गोळी घालायच्या कैद्यांची. यादीतले बहुतेक परदेशी. त्यात एक नाव रोद्रिगो गुलार्ते, ब्राझीलचा, वय ४२.

तुम्ही अकरा वर्षं मागे जाता. जुलै २००४, जाकार्ताचा विमानतळ. सर्फिंगच्या फळ्या घेऊन आलेला एक उंच, गोरा तरुण. फळ्या फोडल्यावर आतून सहा किलो कोकेन निघतं. त्याच्या सोबत दोन मित्र असतात. सगळा दोष तो स्वतःवर घेतो, मित्र सुटतात. २००५ मध्ये तांगेरांगच्या न्यायालयात मृत्युदंड. तरुणपणापासून त्याच्यावर मानसिक आजाराचे उपचार झाले होते, हे कुटुंबीयांनी पुढे सांगितलं. ते निरपराध माणसाची कहाणी सांगत नव्हते, आणि मीही सांगत नाही. कोकेन होतं, त्यानंच आणलं होतं, आणि त्या मालानं कुणाची तरी घरं उद्ध्वस्त झाली असती.

पण माणूस दहा वर्षांत बदलतो. तुरुंगात तर बदलतोच. आता २०१५ सालच्या सुरुवातीला नुसाकंबांगन बेटावरच्या तुरुंगात त्याला बघा. डॉक्टरांनी पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलेलं आहे, मनोरुग्णालयात न्या असं सांगितलेलं आहे. त्याच्या कानात आवाज येतात. तो भिंतीशी बोलतो. टोपी डोक्यावरून काढत नाही, कारण ती आपलं रक्षण करते असं त्याला वाटतं. ब्राझीलहून त्याच्या नात्यातली एक बहीण येऊन राहिली आहे. ती त्याला सांगते, समजावते, कागद दाखवते. त्याला वाटतं, मृत्युदंड आता जगातूनच बंद झालाय आणि लवकरच आपण घरी जाणार. मनोरुग्णालयात हलवायचं म्हटलं तर तो स्वतःच नको म्हणतो. ज्याला आपण आजारी आहोत हेच पटत नाही, तो दुसरं काय म्हणणार?

महाधिवक्ता प्रासेत्यो यांना पत्रकार विचारतात तेव्हा तुम्ही मागे उभे असता. त्यांचं म्हणणं सरळ आहे: कायद्यात गरोदर स्त्री आणि अठरा वर्षांखालचं मूल यांनाच सूट आहे, मानसिक रुग्णाबद्दल तसं काही लिहिलेलं नाही. १९६४ चा तो कायदा तुम्ही उघडून बघता. गरोदर स्त्रीला बाळंतपणानंतर चाळीस दिवस थांबून मारायचं, हे त्यात नीट लिहिलं आहे. नेम कुठे धरायचा, हुकूम कसा द्यायचा, हेही आहे. मन हरवलेल्या कैद्याचं काय करायचं, यावर अक्षर नाही. इंडोनेशियाच्या त्या वेळच्या दंडसंहितेचं कलम ४४ सांगत होतं की गुन्ह्याच्या वेळी मन ठिकाणावर नसेल तर शिक्षा नाही. म्हणजे कायद्यानं एका क्षणाचा विचार केला, गुन्ह्याच्या. दुसरा क्षण, शिक्षेचा, त्यानं मोकळा सोडला.

जगानं तो मोकळा सोडलेला नव्हता. मे १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेनं मृत्युदंडाबद्दलच्या किमान मर्यादा ठरवल्या, त्यात वेड लागलेल्या माणसाला मारू नये हे स्पष्ट आहे. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात फ्लोरिडाच्या अल्विन फोर्डचा खटला आला. शिक्षेनंतर तुरुंगात त्याचं मन असं ढळलं की तो स्वतःला पोप जॉन पॉल तिसरा म्हणवू लागला. त्या अमेरिकेत, जिथे फाशीघरं धडाक्यात चालू होती, तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं की अशा माणसाला मारणं घटनेला मान्य नाही. ही समज जुनी आहे, इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेतही आहे. तिथे दयेइतकाच आणखी एका गोष्टीचा विचार झालेला दिसतो. शिक्षा हे समाजानं गुन्हेगाराला सांगितलेलं काहीतरी असतं: तू हे केलंस, म्हणून हे भोगतो आहेस. समोरच्यापर्यंत ते पोचतच नसेल, तर गोळी झाडणारे आणि हुकूम देणारे आपापसात बोलत असतात. मधे एक माणूस मरतो, एवढंच.

परका माणूसही याच जागी उभा असतो. त्याचं मन शाबूत असतं, पण कोर्टात काय चाललंय ते त्याच्या कानावरून जातं. हे कसं घडतं ते बघायला २०१० च्या ऑक्टोबरात या. जावाच्या मध्यावर योग्यकर्ता, शेजारी स्लेमानचं न्यायालय. आरोपीच्या जागेवर मेरी जेन वेलोसो, फिलिपिन्सची, दोन मुलांची आई. एप्रिलमध्ये विमानतळावर तिच्या सुटकेसच्या अस्तरात २.६ किलो हेरॉइन सापडलं. तिचं म्हणणं, मलेशियात मोलकरणीचं काम मिळेल म्हणून ओळखीच्या बाईबरोबर गेले, तिथे काम नाही म्हणाले, मग ही बॅग देऊन इकडे पाठवलं. तिची भाषा टागालोग. न्यायालयाची भाषा इंडोनेशियन. मधे दुभाषी म्हणून बसलेला एक विद्यार्थी, परवाना नसलेला, आणि तो तिला सांगतो इंग्रजीत. इंग्रजी तिला मोडकंतोडकं येतं. गरीब घरातली, शाळा अर्धवट सुटलेली मुलगी.

तुम्ही तिच्या शेजारी बसा. न्यायाधीश एक लांबलचक वाक्य बोलतात. दुभाषी त्यातलं काही छोट्या वाक्यात सांगतो. ती मान हलवते. त्या मान हलवण्याचा अर्थ काय? समजलं म्हणून, की घाबरून? फिर्यादी पक्ष जन्मठेप मागतो. न्यायालय मृत्युदंड देतं. पुढे या दुभाष्याच्याच मुद्द्यावर पुनर्विलोकन मागितलं, तेही मार्च २०१५ मध्ये फेटाळलं गेलं. मराठी माणसाला हे दृश्य अनोळखी वाटू नये. आपल्याच तालुक्याच्या कोर्टात दूरच्या वस्तीतून आलेला आदिवासी किंवा भटक्या जमातीतला आरोपी असाच मान हलवत उभा राहतो. देशाची सीमा ओलांडली की ते अंतर आणखी वाढतं, आणि शिक्षा मृत्यूची असेल तर ते अंतरच जीव घेतं.

याचसाठी २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्नात झालेल्या कराराचं कलम ३६ आहे. परदेशी माणसाला अटक केली की विनाविलंब त्याला सांगायचं, तुझ्या देशाच्या वकिलातीशी तुला संपर्क साधता येतो. ही मेहेरबानी नव्हे. आपल्या भाषेतला एक माणूस, एक वकील, घरच्यांपर्यंत एक निरोप, एवढंच त्यात आहे. मोठमोठे देश तेही पाळत नाहीत. अॅरिझोनात कार्ल आणि वॉल्टर लाग्रांद या जर्मन भावांना हा हक्क वेळेत सांगितलाच नव्हता. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं वॉल्टरची शिक्षा थांबवा असा आदेश दिला, आणि त्याच दिवशी त्याला मारण्यात आलं.

आता पुन्हा २०१५ चा एप्रिल, आणि चिलाचाप. जावाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदराचं गाव. तेलशुद्धीकरण कारखाना, मासेमारी, आणि विजयपुराचा छोटा धक्का. समोर पाण्यापलीकडे नुसाकंबांगन, डचांच्या काळापासून तुरुंगांचं बेट. शनिवारी, २५ एप्रिलला, कैद्यांना ७२ तासांची नोटीस दिली गेली. गुलार्तेला ती वाचून दाखवली तेव्हा त्याला त्यातलं काही उमगलं नाही असं त्याच्या वकिलानं सांगितलं. त्याला पालक नेमा, हा स्वतःचं हित सांभाळायच्या स्थितीत नाही, असा अर्ज वकिलानं न्यायालयात केला. सुनावणी व्हायची होती.

मंगळवार, २८ एप्रिल. धक्क्यावर कॅमेऱ्यांची गर्दी. त्यातून वाट काढत कुटुंबं बेटावर जाताहेत. ऑस्ट्रेलियाच्या म्युरन सुकुमारनची बहीण चालू शकत नाही, तिला उचलून न्यावं लागतं. गावात अंत्यविधीचं सामान करणाऱ्या माणसाकडे तुम्ही डोकावता. भिंतीशी पांढरे क्रॉस उभे केलेले आहेत. त्यांवर नावं रंगवलेली आहेत, आणि नावाखाली तारीख: २९.०४.२०१५. माणूस अजून जिवंत आहे, आपल्या आईला भेटतो आहे, आणि त्याच्या मृत्यूच्या तारखेचा रंग वाळतो आहे. एवढ्या तयारीतल्या राज्याला एका सुनावणीसाठी थांबता आलं नाही, हे मला आजही सहन होत नाही.

दुपारी दोन वाजता भेटीची वेळ संपते. शववाहिका बोटीत चढतात.

संध्याकाळी तुम्ही बेटावर आहात. फादर चार्ली बरोज हे आयरिश धर्मगुरू गुलार्तेच्या सोबतीला आहेत. अनेक वर्षं ते चिलाचापमध्येच राहतात. २००८ मध्ये याच बेटावर दोन नायजेरियन कैद्यांना गोळ्या घातल्या तेव्हा ते हजर होते, आणि ते दोघे लगेच मेले नाहीत, बराच वेळ कण्हत होते, हे त्यांनी देशाच्या घटनात्मक न्यायालयासमोर शपथेवर सांगितलं होतं. त्यामुळे पुढे काय होणार हे या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. कित्येक दिवस ते गुलार्तेला समजावत आलेत. मी बहात्तर वर्षांचा झालो, मीही लवकरच स्वर्गात येणार, तू पुढे जाऊन माझं घर शोध आणि माझ्यासाठी बाग तयार ठेव, अशा शब्दांत. त्याला बागकाम आवडतं. तो ऐकतो. त्यांना वाटतं, याला कळलं.

मग पोलिस येतात आणि त्याच्या हातापायांत साखळ्या घालतात. गुलार्ते मान वर करून फादरना विचारतो, मला मारणार आहेत का?

फादर म्हणतात, हो, मला वाटलं मी तुला सांगितलं होतं.

तो आरडाओरडा करत नाही. शांत स्वभावाचा माणूस. हे बरोबर नाही, एवढंच तो म्हणतो. एक लहानशी चूक केली, त्यासाठी मला मरावं लागू नये. गाडीत बसल्यावर विचारतो, बाहेर बंदूकधारी लपलेत का, मला गोळी घालतील का? फादर सांगतात, गाडीत तुला कुणी गोळी घालणार नाही. जे काही तास आधी कळायला हवं होतं, ते आता कळलं. काही मिनिटांत त्याला दहा वर्षांचा अर्थ लावायचा आहे, घरच्यांचा निरोप मनात घ्यायचा आहे, आणि त्याच वेळी कानातले आवाज चालूच आहेत.

मोकळ्या जागेत आठ खांब. पांढरे कपडे. ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू चॅन आणि सुकुमारन, चार आफ्रिकन, एक इंडोनेशियन आणि गुलार्ते. त्यांनी डोळ्यांवर पट्ट्या बांधून घेतल्या नाहीत. ते ख्रिस्ती भक्तिगीतं गात आहेत. प्रत्येकासमोर बारा जणांची तुकडी. बारा बंदुकांपैकी तीनच जिवंत काडतुसांच्या, कोणत्या तीन हे झाडणाऱ्यांनाही ठाऊक नाही. अंतर पाच ते दहा मीटर, कायद्यात लिहिल्याप्रमाणे. छातीवर हृदयाच्या जागी खूण. बारातल्या नऊ जणांच्या सदसद्विवेकबुद्धीची काळजी राज्यानं घेतली आहे. खांबाला बांधलेल्या माणसाच्या मनाची तपासणी झाली, पण तिचा निष्कर्ष कुटुंबाला दाखवला गेला नाही. मध्यरात्र उलटून अर्धा तास होत आला असताना इशारा होतो. गाणं अर्ध्यावर थांबतं.

मेरी जेन तिथे नाही. तिला फसवल्याचा आरोप असलेली बाई त्याच दिवशी फिलिपिन्समध्ये पोलिसांना शरण गेली आणि अगदी शेवटच्या घटकेला तिचं नाव यादीतून निघालं. घरच्यांनी तिचा अखेरचा निरोप घेऊन झाला होता.

सकाळी ऑस्ट्रेलिया आपल्या राजदूताला परत बोलावतो. ब्राझीलनं जानेवारीतच, मार्को आर्चर या दुसऱ्या ब्राझिलियनाला गोळी घातली तेव्हा, राजदूत माघारी नेला होता. जाकार्तात सांगितलं जातं की देशात अमली पदार्थांची आणीबाणी आहे, रोज चाळीस-पन्नास तरुण मरताहेत. त्या आकड्याचा हिशेब इंडोनेशियातल्याच संशोधकांनी खोडून काढला. पण मला आकड्याबद्दल वाद घालायचा नाही. मदिनेच्या बातमीला जेमतेम पंधरा दिवस झालेत. त्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयातल्या माणसांना अगदी बरोबर जाणवलं होतं, की परक्या मुलखातल्या, मनानं आजारी माणसाला असं मारणं हा अन्याय आहे. त्यांना तत्त्व शिकवायची गरज नव्हती. ते आपल्या लेकीसाठी पाठ होतं, परक्याच्या लेकासाठी विसरलं गेलं. राष्ट्राध्यक्षही तेच, सरकारही तेच, महिनाही तोच.

हे सगळं बघताना तुमच्या मनात एक नाव आलेलं असणार. म्हणून तुम्हाला येरवड्याला यावं लागेल, २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी साडेसातला. अजमल कसाब. परदेशी नागरिक, महाराष्ट्राच्या तुरुंगात फाशी. मुंबईवरच्या हल्ल्यात तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलत ज्याला जिवंत धरलं तो. त्याच्या वतीनं वकील उभे राहिले, आणि त्यासाठी त्यांना शिव्याशापही खावे लागले. खटला विशेष न्यायालयात चालला, उच्च न्यायालयात गेला, सर्वोच्च न्यायालयात त्याच्यासाठी न्यायमित्र नेमला गेला. फाशीची खबर पाकिस्तानला देण्यासाठी पत्र नेलं, ते त्यांनी घेतलं नाही, मग फॅक्सनं पाठवलं. त्याचं प्रेत तुरुंगाच्या आवारातच पुरलं. मृत्युदंड असावा की नसावा यावर आपलं एकमत होणार नाही, माझं स्वतःचं मत विरोधात आहे. पण परकेपणाची ढाल कुणाला मिळावी असं मी म्हणत नाही. इतक्या क्रूर गुन्हेगारालाही त्याला कळणाऱ्या भाषेत, वकिलासह, शेवटच्या न्यायालयापर्यंत ऐकून घेता येतं, हे मुंबईनं दाखवलं. ज्याला ते द्यायची कुणाचीच इच्छा नव्हती त्याला ते मिळालं. मग सुटकेस घेऊन आलेल्या मोलकरणीला न देण्याचं काय कारण?

आणि आपला माणूस तिकडे असतो तेव्हा? १७ जुलै २०१९, हेगचा शांतता प्रासाद. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष निकाल वाचताहेत. कुलभूषण जाधव, नौदलातले माजी अधिकारी, सांगलीत जन्मलेले, मुंबईचे. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं एप्रिल २०१७ मध्ये त्यांना मृत्युदंड दिला, आणि सगळ्या काळात भारतीय उच्चायुक्तालयातल्या कुणालाही भेटू दिलं नाही. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. पंधरा विरुद्ध एक अशा बहुमतानं न्यायालय सांगतं की पाकिस्ताननं कलम ३६ मोडलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा. लोअर परळला टीव्हीसमोर जमलेले जाधवांचे मित्र जल्लोष करतात. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या घराघरांत व्हिएन्ना कराराचं नाव पोचलं. त्या जल्लोषात मीही मनानं सामील होतो. त्याच कलमावर आपल्या तुरुंगांतला नायजेरियन, बांगलादेशी किंवा नेपाळी कैदीही हक्क सांगू शकतो, हे त्या आनंदात कुणी बोललं नाही. बोलायला हवं होतं.

मनाच्या आजाराबद्दल मात्र आपल्या न्यायालयांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि सोपं प्रकरण निवडून नव्हे. २१ जानेवारी २०१४ ला शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि मानसिक आजार हे त्यासाठी स्वतंत्र कारण मानलं. पण खरी कसोटी महाराष्ट्रातल्या एका खटल्यात लागली. १२ एप्रिल २०१९ रोजी तुम्ही दिल्लीच्या न्यायदालनात आहात. निकालपत्रात आरोपीचं नाव नाही, त्याला ‘आरोपी एक्स’ म्हटलंय, आजाराची गुप्तता राखायची म्हणून. १९९९ मध्ये त्यानं दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांना मारलं होतं. हे वाक्य वाचताना हात थांबतो. त्या मुलींच्या आईबापांसमोर उभं राहून क्षमेची भाषा मला बोलता येणार नाही, आणि न्यायालयही ती बोललं नाही. न्यायमूर्ती रमणा यांच्या पीठानं एवढंच तपासलं की आज, इतक्या वर्षांच्या गंभीर आजारानंतर, या माणसाला आपल्याला काय होतंय आणि का, हे समजण्याची शक्ती उरली आहे का. उरली नसेल तर फाशीचा हेतूच संपतो. शिक्षा मरेपर्यंत कारावासाची झाली, आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली गेली.

तुरुंगाचं दार उघडलं नाही, मुलींचा अपमान झाला नाही, आणि आजारी माणसाला खांबाला बांधावंही लागलं नाही. चिलाचापला त्या रात्री हे शक्य होतं.

शेवटच्या तारखा तुमच्या आजच्या जवळच्या आहेत. मेरी जेन १८ डिसेंबर २०२४ ला मनिलाला परतली, चौदा वर्षांच्या तुरुंगवासानंतर. २०१६ च्या जुलैनंतर इंडोनेशियात कुणाला गोळी घातली गेलेली नाही. नवी दंडसंहिता २ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. तिचं कलम ९९ उघडा. १९६४ च्या कायद्यात जे अक्षर नव्हतं, ते इथे आलंय: मानसिक रुग्णाची शिक्षा तो बरा होईपर्यंत पुढे ढकलायची.

गुलार्तेसाठी अर्ज करणाऱ्या वकिलांना २०१५ मध्ये एवढंसुद्धा मिळालं नव्हतं, म्हणून ही सुधारणा लहान नाही. पण पुन्हा वाचा: बरा होईपर्यंत. म्हणजे एक डॉक्टर लागणार. तो रोज औषध देणार, आवाज कमी झाले का विचारणार, रुग्ण त्याच्यावर विश्वास ठेवू लागणार. एक दिवस त्याला लिहून द्यावं लागणार की या माणसाला आता सगळं समजतं. त्या सहीनंतर ७२ तासांची नोटीस निघू शकते. रुग्ण बरा झाला म्हणून त्याला मारता येईल असं प्रमाणपत्र देणं हे डॉक्टरकीत बसत नाही, आणि ते मागणारं राज्य आपल्या डॉक्टरांना बंदूकधाऱ्यांच्या रांगेत तेरावा म्हणून उभं करतं. या कलमात ‘पुढे ढकलावी’च्या जागी ‘रद्द करावी’ हे शब्द हवेत. इंडोनेशियात हवेत, आणि ज्या ज्या देशात दोर, तलवार किंवा गोळी अजून कायद्यात आहे, आपला देश धरून, त्या प्रत्येक ठिकाणी हवेत.